प्रकल्प नोंदी : क्लारा शुमान, एका पियानोवादिकेची कारकीर्द

४ जून

फोंड्यातील वाचनालयाच्या सभागृहात येत्या नोव्हेंबरात क्लारा शुमान या जर्मन पियानोवादिकेच्या कारकिर्दीवर मराठीतून भित्तिफलकांचे प्रदर्शन भरवावे आणि त्याला जोडून एक सप्रयोग व्याख्यान करावे, असे आजच्या बैठकीत ठरले. संहिता आणि निवेदन माझ्याकडे आहे, फलकांचे काम ग्रंथपाल पाहतील आणि वादनाची जबाबदारी मडगावच्या एका पियानोशिक्षिकेने स्वीकारली आहे. त्यांना आम्ही सगळे टीचर म्हणतो. त्या कोकणीतून बोलतात आणि मराठी उत्तम समजतात, त्यामुळे बैठकीत दोन्ही भाषा चालतात.

पियानो गोव्याला परका नाही. सासष्टीतल्या जुन्या घरांच्या दिवाणखान्यांत तो आहे, चर्चच्या शाळांतून पोर्तुगीज काळापासून स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले गेले आणि त्या शिक्षणातून घडलेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. मात्र फोंडा महालातील जो श्रोता भजन, नाट्यपद आणि ख्याल यांवर वाढला, त्याच्यापर्यंत पियानोची मैफल त्याच्या भाषेत फारशी पोहोचलेली नाही. केवळ ध्वनिमुद्रिका ऐकवून हे अंतर कमी होणार नाही. वादकाचे आयुष्य कसे चालते, त्याची मेहनत कशी होते, तो काय वाजवायचे ठरवतो आणि पोट कसे भरतो, हे समजले तर आपला श्रोता त्या संगीताजवळ सहज जाईल, कारण आपल्या गवयांविषयी तो हेच प्रश्न विचारत आला आहे.

क्लाराचे चरित्र बहुधा तीन पुरुषांच्या आधाराने सांगितले जाते: शिस्तप्रिय वडील फ्रीड्रिख वीक, संगीतकार पती रॉबर्ट शुमान आणि आयुष्यभराचे स्नेही योहानेस ब्राम्स. ही माणसे तिच्या आयुष्यातून वगळता येणार नाहीत, परंतु साठ वर्षांहून अधिक काळ व्यासपीठावर बसून तिने जे काम केले ते या मांडणीत मागे पडते. आमच्या मांडणीत तिचे काम पुढे राहील, बाकीचे त्याच्या अनुषंगाने येईल.

११ जून

फलकांचा कणा सापडला. १८२८ ते १८९१ या काळात आपण जेथे जेथे वाजवले तेथील छापील कार्यक्रमपत्रिका क्लाराने जपून ठेवल्या होत्या. तेराशेहून अधिक पत्रिकांचा हा संग्रह झ्विकाऊ येथील रॉबर्ट शुमान यांच्या जन्मघरातील संग्रहालयात आहे. एखाद्या वादकाने स्वतःच्या व्यावसायिक आयुष्याचा इतका सलग पुरावा मागे ठेवल्याची उदाहरणे विरळाच.

अशा पत्रिकेतून कितीतरी गोष्टी कळतात. गाव, सभागृह आणि तारीख तर कळतेच. शिवाय त्या संध्याकाळी गायिका होती का, वाद्यवृंद होता का, आधी काय वाजले आणि शेवटी काय वाजले, रचनाकार हयात होते की दिवंगत, हेही दिसते. आपल्याकडे जत्रेतल्या नाटकांची जुनी हस्तपत्रके ज्यांनी सांभाळली आहेत, त्यांना या कागदांचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. नटसंच, पदे आणि तिकिटाचा दर यांवरून एका काळाची अभिरुची वाचता येते, तशीच ती येथेही वाचता येते. प्रत्येक फलकाच्या मध्यभागी एका मैफलीची पत्रिका मराठीत मांडायची आणि त्या वर्षांतले आयुष्य तिच्या भोवती लिहायचे, असे ग्रंथपालांशी बोलून ठरवले आहे.

१९ जून

बालपणाच्या फलकाचा मजकूर लिहिण्यास घेतला. क्लारा वीक हिचा जन्म १३ सप्टेंबर १८१९ रोजी लाइपझिगमध्ये झाला. वडील पियानोचे शिक्षक होते आणि पियानोंची विक्रीही करीत. आई मारिआने ही स्वतः गायिका आणि पियानोवादिका होती. मुलगी लहान असतानाच आईवडील विभक्त झाले आणि तेव्हाच्या कायद्याप्रमाणे मुलीचा ताबा वडिलांकडे गेला. क्लारा चार वर्षांची होऊन गेली तरी बोलत नव्हती, त्यामुळे तिला ऐकू येत नसावे असे लोकांना वाटे. शब्दांच्या आधी तिच्याकडे स्वर आले, असे टीचर म्हणाल्या, आणि निवेदनात हे वाक्य त्यांच्याच तोंडी ठेवावे असे मला वाटते.

वीक यांची शिकवण्याची पद्धत तपशिलाने द्यावी लागेल. रोज एक तास शिकवणी, दोन तास मेहनत आणि लांबवर पायी फेरफटका. त्याशिवाय गायन, व्हायोलिन, स्वरसंवादशास्त्र आणि रचना यांचे शिक्षण त्यांनी शहरातील जाणकारांकडून मुलीला दिले. शाळा मात्र जवळजवळ नाहीच. त्या काळातले अनेक शिक्षक बोटांना यंत्रासारखे राबवत, तसे त्यांनी केले नाही. मेहनतीला मर्यादा घातली आणि मोकळ्या हवेत चालण्याला शिक्षणात स्थान दिले. पायी फिरण्याची ही सवय क्लाराने म्हातारपणापर्यंत मोडली नाही. सात दशके हात टिकवण्यामागे हे कारण आहे, असे टीचरांचे ठाम मत आहे आणि स्वतःच्या विद्यार्थ्यांनाही त्या हेच सांगतात.

येथे एका साधनाविषयी सावध राहायला हवे. १८२७ पासून क्लाराच्या नावे रोजनिशी सुरू झाली, पण आरंभीची वर्षे ती वडिलांनीच लिहिली आणि तीही ‘मी’ असे म्हणत, जणू मुलगीच लिहीत आहे. पुढे तिने स्वतः लिहायला घेतल्यावरही वडिलांची नजर त्यावर होती. म्हणून बालपणीच्या रोजनिशीतील कोणतेही वाक्य ‘क्लारा म्हणते’ अशा शब्दांत फलकावर जाणार नाही. शिकवणाऱ्याची महत्त्वाकांक्षा आणि शिकणारीचे मन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या कागदावर एकच हस्ताक्षर आहे.

२ जुलै

आज दोन पत्रिका शेजारी ठेवून काम केले आणि संपूर्ण प्रकल्पाचा गाभा हाती लागल्यासारखे वाटले.

२० ऑक्टोबर १८२८ रोजी, वयाच्या नवव्या वर्षी, क्लारा लाइपझिगच्या गेवांडहाउस सभागृहात दुसऱ्या वादकाच्या मैफलीत बसली आणि वडिलांच्याच एका शिष्येबरोबर चार हातांनी वाजवायची काल्कब्रेनर यांची रचना तिने सादर केली. ८ नोव्हेंबर १८३० रोजी त्याच सभागृहात तिच्या स्वतःच्या नावाची मैफल झाली. तिच्यात काल्कब्रेनर, हेर्त्स आणि चेर्नी यांच्या रचना होत्या आणि स्वतःच्या चालीवर तिने बांधलेले विविध रूपांतरांचे एक प्रकरणही होते. तो जमाना चमत्कृतीचा होता. लोकप्रिय ऑपेरातील एखादी चाल घ्यायची आणि तिच्यावर वेगाची, उड्यांची, दुहेरी स्वरांची आतषबाजी करायची, हीच वादकाकडून अपेक्षा असे. एकट्या पियानोवर संपूर्ण संध्याकाळ काढण्याचा रिवाज नव्हता. मध्ये गाणे, मध्ये वाद्यवृंद असे मिश्रण चाले. बाराव्या वर्षी वायमारला जाऊन तिने वृद्ध गटेंसमोर वाजवले तेव्हाचे वातावरण हेच होते.

१८३७-३८ च्या हिवाळ्यात व्हिएन्नामध्ये तिने बेटहोव्हनचा एफ मायनर या स्वरपट्टीतील सोनाटा (अनेक भागांची वाद्यरचना), म्हणजे ‘अपासिओनाटा’, जाहीर मैफलीत वाजवला. बेटहोव्हनचे सोनाटे तेव्हा जाणकारांनी घरी बसून ऐकायचे मानले जात. तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांपुढे ते ठेवणे हे धाडस होते. कवी ग्रिलपार्त्सर यांनी त्या वादनावर कविता लिहिली, मिठाईवाल्यांनी तिच्या नावाचा केक काढला आणि मार्च १८३८ मध्ये सम्राटाच्या दरबाराने तिला राजवादकाची पदवी दिली. परदेशी, प्रॉटेस्टंट आणि अठरा वर्षांची मुलगी या मानाला पात्र ठरली, हे त्या काळी सोपे नव्हते.

तेथून पुढच्या पत्रिका पाहत गेल्यास आतषबाजी हळूहळू ओसरते आणि तिच्या जागी बाख, बेटहोव्हन, मेंडेल्सोन, शोपँ आणि रॉबर्ट शुमान येऊन बसतात. आज जगात कोठेही पियानोची मैफल ऐकायला गेल्यास जुन्या थोर रचनांपासून नव्यांपर्यंत जाणारा जो क्रम आपण गृहीत धरतो, तो असाच पत्रिकेमागून पत्रिका छापत घडला. तो एकट्या क्लाराने घडवला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण पियानोवादक लिस्टने १८४० मध्ये लंडनला एकट्या पियानोच्या मैफलींची जाहिरात केली होती आणि मेंडेल्सोनही बाखच्या संगीतासाठी झटत होते. परंतु दशकानुदशके, गावोगाव, न डगमगता तो क्रम श्रोत्यांच्या अंगवळणी पाडण्याचे काम तिच्याइतके क्वचितच कोणी केले असेल.

वही समोर न ठेवता वाजवण्याचेही तसेच. १८३७ मध्ये बर्लिनला तिने बेटहोव्हनचा सोनाटा स्मरणाने वाजवला तेव्हा लेखिका बेटिना फॉन आर्निम यांना तो उद्धटपणा वाटला. आमच्या श्रोत्याला हा प्रसंग नक्कीच नवलाचा वाटेल, कारण आपल्याकडे पोथी समोर ठेवून गाणारा गवई कोणी पाहिलेला नाही.

८ जुलै

पाऊस संततधार आहे. पियानोचा प्रश्न आज मार्गी लागला. लोटलीच्या एका कुटुंबाने आपला उभा पियानो कार्यक्रमासाठी देऊ केला आहे. टीचरांनी तो वाजवून पाहिला. मधल्या सप्तकाचे स्वर चढले आहेत आणि काही पट्ट्या दाबल्यावर वर येत नाहीत. पावसाळ्यात हे व्हायचेच. तारांच्या मागे असलेली लाकडी ध्वनिफळी दमट हवेत फुगते, तारांवरचा ताण वाढतो आणि स्वर चढतो. पट्ट्यांचे लाकूड आणि नमदा फुगल्याने त्या अडकतात. पेटीच्या तळाशी लहान विजेचा दिवा लावून ठेवण्याचा गोव्यातल्या घरांचा जुना उपाय त्या कुटुंबाने आजही सोडलेला नाही. सुमारे सव्वादोनशे तारा आणि त्यांचा एकत्रित ताण पंधरा-वीस टनांचा, त्यामुळे हलवाहलवीनंतर पियानोला नव्या जागी निदान दोन आठवडे स्थिरावू द्यावे आणि मगच सूर लावावेत. वाहतूक पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरात.

क्लाराच्या लग्नाच्या वेळी व्हिएन्नाच्या कॉनराड ग्राफ यांनी दिलेला पियानो याहून फार वेगळा होता: लाकडी चौकट, चामड्याने मढवलेल्या हातोड्या, साडेसहा सप्तकांच्या आसपास पल्ला आणि हलकी पट्टी. तो पुढे तिने ब्राम्स यांना दिला आणि आता तो व्हिएन्नात जतन केलेला आहे. तिच्या हयातीत वाद्य लोखंडी चौकटीचे, जड आणि मोठ्या आवाजाचे झाले. म्हणजे एकाच कारकिर्दीत हाताला पुन्हा पुन्हा नवे वाद्य शिकावे लागले. दौऱ्यावर तर प्रत्येक गावचा पियानो निराळा. टीचर म्हणाल्या, “गायकाक आपलो गळो घेवन वचपाक मेळटा, आमकां तें भाग्य ना.” हे वाक्य कोकणीतच ठेवून फलकावर घ्यायचे आहे.

२३ जुलै

विवाहाचा फलक. वीक यांनी लग्नाला कडाडून विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर १२ सप्टेंबर १८४० रोजी, एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, लाइपझिगजवळच्या शोनेफेल्ड येथील चर्चमध्ये लग्न झाले. ही प्रेमकथा बहुतेकांना भावते. मी ती थोडक्यात आटोपली आहे. त्याच काळातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते: १८३९ च्या आरंभी ती वडिलांशिवाय पॅरिसला गेली आणि सभागृह, सहकलाकार, वाद्य, गाठीभेटी, पत्रव्यवहार हे सर्व तिने स्वतः जमवले. मैफल उभी करणे हे वादनाइतकेच कौशल्याचे काम असते, आणि ते ती विशीच्या आत शिकली.

संसारात पियानो मागे पडू लागला. भिंती पातळ होत्या. रॉबर्ट रचना करीत असताना तिला वाजवता येत नसे, आणि दिवसातला एक तासही आपल्या वाट्याला येत नाही अशी खंत तिने दोघांच्या सामाईक रोजनिशीत लिहिली आहे. तरीही १८४२ मध्ये ती कोपनहेगनला एकटी गेली आणि १८४४ मध्ये दोघांनी रशियाचा दौरा केला, कारण घर चालण्यासाठी मैफलींचा पैसा लागत होता. चौदा वर्षांत आठ मुले झाली. त्यांतील एक तान्हेपणीच दगावले. मे १८४९ मध्ये ड्रेस्डेनमध्ये उठाव झाला तेव्हा गरोदर क्लारा रात्री शेतांतून चालत शहरात परतली आणि मागे राहिलेल्या मुलांना बाहेर घेऊन आली.

तिच्या स्वतःच्या रचनांविषयी स्वतंत्र फलक करायचा आहे. ए मायनरमधला पियानो कॉन्चेर्तो (वाद्यवृंदाच्या साथीने वाजवायची रचना) तिने १८३५ मध्ये, सोळाव्या वर्षी, मेंडेल्सोन यांच्या संचालनाखाली गेवांडहाउसमध्ये वाजवला. १८४६ चे पियानो त्रिकूट हे तिचे सर्वांत पक्व काम, असे माझे मत बनले आहे. बाईने रचना करण्याची इच्छा धरू नये, आजवर एकीलाही ते जमलेले नाही, असे तिने विशीतच रोजनिशीत लिहिले होते. तरीही ती मधूनमधून लिहीत राहिली आणि १८५६ नंतर मात्र तिने रचना करणे जवळजवळ बंद केले. त्याचे दुःख वाटते. परंतु ज्या हातांनी रचना सोडल्या त्याच हातांनी रॉबर्ट यांचा पियानो कॉन्चेर्तो डिसेंबर १८४५ मध्ये ड्रेस्डेनला प्रथम वाजवला आणि नंतर युरोपभर नेला, हेही तितकेच खरे.

६ ऑगस्ट

१८५४ ते १८५६ या वर्षांच्या फलकावर आज बराच वेळ चर्चा झाली. २७ फेब्रुवारी १८५४ रोजी रॉबर्ट यांनी ऱ्हाइन नदीत उडी घेतली. वाचवल्यानंतर त्यांना बॉनजवळच्या एन्डेनिख येथील रुग्णालयात ठेवण्यात आले. डॉक्टरांनी क्लाराला दोन वर्षांहून अधिक काळ भेटू दिले नाही. २९ जुलै १८५६ रोजी ते वारले, त्याच्या अवघे दोन दिवस आधी तिची भेट झाली.

ग्रंथपालांनी विचारले, “ब्राम्स यांचा फलक कोणता? लोक तेच विचारतील, बाई.” मी म्हटले, विचारू देत, आणि उत्तर याच फलकावर असू दे. विशीतल्या ब्राम्स यांनी त्या दिवसांत घर आणि मुले सांभाळली, म्हणून क्लारा दौऱ्यावर जाऊ शकली. त्यांची निष्ठा थोर होती आणि पुढची चाळीस वर्षे टिकली. पण पत्रिका काय सांगतात ते पाहावे: १८५४ च्याच शरदात ती पुन्हा व्यासपीठावर बसली आणि नंतर जर्मनीतली शहरे, हॉलंड, व्हिएन्ना, बुडापेस्ट असे करीत १८५६ च्या वसंतात इंग्लंडपर्यंत वाजवत गेली. मित्रांनी मदतीसाठी पैसे गोळा करण्याची तयारी दाखवली होती, ती तिने नाकारली. सात मुलांचा आणि रुग्णालयाचा खर्च तिला स्वतः कमवायचा होता. योझेफ योआखिम या व्हायोलिनवादकाबरोबरची तिची जोडी याच वर्षांत जमली. ग्रंथपालांना हे पटले.

२० ऑगस्ट

चवथीच्या आधी अर्धे फलक मुद्रितशोधनाला गेले. उरलेले काम सणानंतर होईल.

१० सप्टेंबर

टीचरांच्या घरी तालीम झाली. आजवरच्या कामातला सर्वांत फलदायी दिवस.

क्लारा मैफलीत एका रचनेतून दुसरीत तशीच जात नसे. बसल्यावर प्रथम काही क्षण ती मनाने वाजवी, वाद्य चाचपून घेई, येणाऱ्या रचनेचा स्वर आणि भाव श्रोत्यांच्या कानात रुजवी आणि त्यातूनच मूळ रचना सुरू होई. एका रचनेच्या स्वरातून दुसऱ्या रचनेच्या स्वरात जाण्यासाठीही असाच पूल बांधला जाई. ही प्रथा त्या काळी सर्वच वादकांत होती आणि पुढे लोपली. आयुष्याच्या अखेरीस, १८९५ मध्ये, मुलींच्या आग्रहावरून क्लाराने आपली अशी काही पूर्ववादने कागदावर उतरवली. मनात आले तसे वाजवायचे असल्याने ती नेमकी लिहिता येत नाहीत, अशी तिची अडचण होती.

टीचरांनी त्यातले एक वाजवले आणि थांबून माझ्याकडे पाहिले. आमच्याबरोबर आलेले, संगीत नाटकांतून ऑर्गनची साथ केलेले एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, ते लगेच म्हणाले, “बंदिशीआधी आलाप केला, दुसरे काय?” दोन परंपरांतला फरक झाकायचा नाही; पूर्ववादन काही क्षणांचे असते आणि त्याचा विस्तार रागासारखा होत नाही. पण मैफलीचा कलाकार त्या क्षणी काय करतो, त्या वाद्याशी, त्या सभागृहाशी आणि त्या श्रोत्यांशी कसा जुळतो, हे भाऊंना एका वाक्यात कळले. व्याख्यानाची सुरुवात येथून करायची. टीचर प्रत्येक रचनेआधी स्वतः पूर्ववादन करतील. त्यासाठी त्या रोज वेगळा सराव करीत आहेत, कारण त्यांच्या शिक्षणात मनाने वाजवण्याला कधी जागाच नव्हती. या सरावाने छापील स्वरही आपल्याला निराळे ऐकू येऊ लागले, असे त्यांनी सांगितले.

२४ सप्टेंबर

दौऱ्यांच्या वर्षांचा फलक लिहून झाला. पतीच्या निधनानंतर क्लारा व्यासपीठावर काळ्या वेषात दिसू लागली. हिवाळा दौऱ्यात, उन्हाळा १८६३ पासून बाडेन-बाडेनजवळच्या लिख्टेन्टाल येथील घरात, मुलांबरोबर आणि नव्या रचनांच्या मेहनतीत. इंग्लंडला ती पुन्हा पुन्हा गेली; लंडनच्या सेंट जेम्स हॉलमधील सोमवारच्या लोकप्रिय मैफलींत स्वस्त तिकिटाच्या श्रोत्यांनी तिला अपार प्रेम दिले. थोरली मुलगी मारी तिची सोबतीण आणि व्यवस्थापक झाली.

१८७२ मध्ये मुलगी यूली गेली, १८७९ मध्ये धाकटा फेलिक्स. लुडविग मनोरुग्णालयात होता. फर्डिनांड वेदनाशामकाच्या व्यसनात सापडला आणि त्याच्या मुलांचा भार आजीवर आला. १८७३ च्या सुमारास हाताचे दुखणे इतके वाढले की मैफली थांबल्या. किल येथे शल्यविशारद एस्मार्ख यांच्याकडे उपचार घेऊन ती १८७५ मध्ये परतली. हाताचे दुखणे हा पियानोवादकाच्या आयुष्यातला मोठा विषय आहे आणि त्याबद्दल बोलण्याचा संकोच आजही आहे. टीचर स्वतःच्या मनगटाविषयी व्याख्यानात बोलणार आहेत, याचे मला मोल वाटते.

येथे मोगूबाई कुर्डीकर यांचा उल्लेख करावा असे भाऊंनी सुचवले आणि मी तो आनंदाने घेतला. १९०४ मध्ये कुर्डी येथे जन्मलेल्या मोगूबाईंनी पतीच्या निधनानंतर गाऊन आणि शिकवून मुलांना वाढवले आणि त्याच वेळी गाण्यात तसूभरही तडजोड केली नाही. त्यांचे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. त्यांची विद्या कन्या किशोरीताई आमोणकरांच्या गळ्यातून जगभर गेली. घराचा भार आणि कलेचा कस या दोन्ही गोष्टी एकाच बाईने पेलल्याचे उदाहरण आमच्या श्रोत्याला जर्मनीत शोधावे लागत नाही. क्लाराला ओळखायला मोगूबाईंची ही ओळख त्याला उपयोगी पडेल.

८ ऑक्टोबर

शिक्षिका क्लारा. १८७८ मध्ये फ्रँकफर्टला होख कॉन्झर्व्हेटरी सुरू झाली, तिच्या पहिल्या प्राध्यापकांत ती होती. घरी शिकवण्याची आणि दौऱ्यांसाठी रजा घेण्याची मुभा तिने मागून घेतली. मारी आणि ऑयगेनी या मुली प्राथमिक तयारी करून घेत. पट्टीवर प्रहार करू नये, बोट पट्टीजवळ ठेवून दाबाने स्वर काढावा, स्वर गाता राहावा, आणि लिहिलेल्या स्वराशी प्रामाणिक राहावे, असा तिचा आग्रह असे. १८९२ पर्यंत तिने तेथे शिकवले.

क्लाराचे वादन ध्वनिमुद्रित झालेले नाही. तिच्या शिष्यांचे मात्र झाले. इलोना आयबेनशुट्झ, अॅडेलिना डी लारा आणि फॅनी डेव्हिस यांच्या ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत. फॅनी डेव्हिस यांनी १९२८ मध्ये एर्न्स्ट आन्सेर्मे यांच्या संचालनाखाली रॉबर्ट यांचा कॉन्चेर्तो मुद्रित केला. आज तो वाचनालयात सर्वांनी ऐकला. लय वाहती आहे, कोठेही ओढाताण नाही, डावा हात उजव्याच्या किंचित आधी पडतो आणि चाल बोलल्यासारखी पुढे सरकते. आजच्या कानाला ती पहिल्यांदा घाईची वाटते. घराण्याची गायकी शिष्यांच्या गळ्यातून ओळखायची आपल्याला सवय आहे, म्हणून हा भाग व्याख्यानात विस्ताराने ठेवला आहे.

१५ ऑक्टोबर

बोरीच्या पुलावरून पियानो सुखरूप फोंड्यात आला. सभागृहाच्या आतल्या भिंतीला, उन्हापासून आणि खिडकीपासून दूर ठेवला आहे. तळाचा दिवा चालू आहे.

३ नोव्हेंबर

सूर लावून झाले. पट्ट्या मोकळ्या झाल्या. कार्यक्रमाचा क्रम असा राहील: आरंभी पूर्ववादन आणि बाख, मग हेर्त्सच्या चमत्कृतिप्रधान शैलीचा एक नमुना, म्हणजे पुढचा बदल ऐकणाऱ्याला जाणवेल, त्यानंतर ‘अपासिओनाटा’चा पहिला भाग, क्लाराच्या १८३६ च्या ‘सांगीतिक संध्या’ या संचातला नॉक्टर्न (रात्रीच्या भावाची रचना) आणि १८५३ मधला ए मायनरमधला रोमान्स (गीतासारखी लहान रचना), शेवटी रॉबर्ट यांच्या बालदृश्यांतील काही तुकडे. रोमान्स शेवटी घ्यावा असे मला वाटत होते. टीचरांनी नकार दिला. दोन हातांना ‘अपासिओनाटा’नंतर तेथेच विसावा मिळतो म्हणून. वादकाच्या शरीराचा हा विचार कागदावर क्रम लावणाऱ्याला सुचत नाही.

१५ नोव्हेंबर

काल कार्यक्रम झाला. सभागृह भरले होते. वारकरी भजनी मंडळातली काही मंडळी पहिल्या रांगेत होती. पूर्ववादनाच्या वेळी दाद आली, आणि ती रचनेच्या आधी आल्याने टीचर क्षणभर गोंधळल्या, मग हसून त्यांनी आणखी थोडे वाजवले. हेर्त्सलाही भरपूर टाळ्या मिळाल्या, ‘अपासिओनाटा’नंतर मात्र टाळ्यांना थोडा वेळ लागला. प्रश्नोत्तरांत ब्राम्स यांच्याविषयी विचारणा झाली, पण त्याहून अधिक प्रश्न मेहनत, हाताचे दुखणे आणि मानधन यांविषयी होते. एका शाळकरी मुलीने विचारले की क्लाराने शेवटची मैफल कधी केली. १२ मार्च १८९१ रोजी फ्रँकफर्टला, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ब्राम्स यांची हायडनच्या विषयावरील रूपांतरे तिने दोन पियानोंवर सहवादकाबरोबर वाजवली. तोवर ऐकण्याचा त्रास सुरू झाला होता. २० मे १८९६ रोजी ती वारली आणि बॉनमध्ये पतीशेजारी तिला पुरले. जर्मनीच्या शंभर मार्कांच्या अखेरच्या नोटेवर तिचे चित्र होते आणि मागच्या बाजूला पियानो, हेही त्या मुलीला दाखवले.

उरलेली कामे: फलकांचा संच म्हापशाच्या वाचनालयाने महिनाभरासाठी मागितला आहे, त्याची वाहतूक ठरवायची. लोटलीच्या कुटुंबाने पियानो पुढच्या पावसाळ्यापर्यंत फोंड्यातच ठेवण्यास संमती दिली असून टीचर आठवड्यातून एकदा येथे शिकवण्यास तयार आहेत. नावे नोंदवण्याची वही ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवली आहे. क्लाराच्या त्रिकुटासाठी व्हायोलिन आणि चेलो वाजवणारे मडगावकडे मिळू शकतील, त्यांच्याशी जानेवारीत बोलायचे.